वना भाऊंची साखर

नाही हो ताई, साखरेचं मशीन बिघडलेलं नाही — बसा ना, धुळ्याहून एवढ्या उन्हात आलात, पाणी घ्या — मशीन चांगलं आहे, रक्तच यांचं नाही. म्हणजे काय म्हणजे? माझं आहे! दिवाळीला आमची ऋतिका नाशिकहून आली, वडिलांच्या मोबाइलात तुमच्या दवाखान्याचं ते ॲप टाकून गेली — रोज बोट टोचायचं, आकडा तुम्हालाही जाणार, तिलाही. पहिल्याच आठवड्यात आकडा चढला, पोरीनं यांना फोनवर झाप झाप झापलं. दुसऱ्या दिवशी हे मशीन घेऊन माझ्यापुढे. "मनं बोट दुखस, तुनं दे." दिलं मी. तेव्हापासून रोज माझंच! आणि ॲप काय म्हणतं? शाब्बास वनाजी! टाळ्या वाजवतं हो — हे बाजारात जाऊन जिलबी हाणून येतात, आणि पोरगी मला म्हणते, आई, बाबांकडून शीक जरा.

मग परवा आकडा लाल झाला. त्यासाठीच आलात ना? पोरीचा फोन, जावयाचा फोन, तुमच्या डॉक्टरांचा फोन — वना भाऊ, काय खाल्लं, वना भाऊ, जपा! आणि हे माझ्याकडे बघून हसतात — "देख, मनी नही, तुनी साखर वाढनी." हसायची गोष्ट आहे का ही? महिना झाला घसा कोरडा पडतो, उठलं की भोवळ येते, मी म्हटलं ऊन असेल. माझी साखर सगळ्यांना कळली, पण ती माझी आहे हे कुणाला माहीत?

राहू द्या, माझं बोट नंतर बघा. आधी — सांगणार नव्हते, शपथ घातलीय मला — यांचा पाय बघा. एवढ्या उकाड्यात घरात मोजा घालून बसतात. काल धुवायला म्हणून ओढून काढला, तर अंगठा काळा पडलेला, वास मारतो — आणि दुखत नाही म्हणे! पोरीला कळलं तर दवाखान्यात टाकेल, पाय कापतील, म्हणून मी गप्प बसायचं. किती गप्प बसू? इकडे पाय सडतोय, तिकडे टाळ्या!

आलेच बघा. अहो, मागे कुठे वळता? या इकडे. बसा. मोजा काढा. काढा म्हणते ना! — ताई, फोटो घ्या, ऋतिकाला पाठवा, डॉक्टरांना पाठवा. नाही, यांना काही विचारू नका. आणि तुम्ही — एक शब्द बोलू नका आता.