ऑर्व्हिलचं पीठ फुगत नाही

थँक्सगिव्हिंगचा आदला दिवस. नेब्रास्कातल्या आमच्या गावच्या दुकानात रांगेत माझ्यापुढे म्हातारा ऑर्व्हिल, त्याच्यापुढे शेजारीण लोडीन.

“पुन्हा यीस्ट? कोंबड्यांना घालतोस की काय?” लोडीननं मागं वळून त्याला विचारलं.

“दोनदा पीठ मळलं, फुगतच नाही. उद्या मुलगी येतेय, तिची आई गेल्यावर पहिल्यांदाच. माझी आर्डिथ करायची तसे मऊ पाव तरी टेबलावर असू देत.”

“दूध किती तापवलंस?”

“चांगली उकळी आणली.”

“अरे देवा, यीस्ट मेलं की! कोमट हवं.”

“कोमट म्हणजे किती? तिनं कुठे लिहून ठेवलंय!”

“मग ती कसं ठरवायची?”

“माझ्या मनगटावर थेंब टाकायची. मी ‘हं’ म्हटलं की पिठात ओतायची.”

“दरवर्षी?”

“त्रेचाळीस वर्षं.”

“मग लिहील कशाला, वेड्या? घरी जा, बाही वर कर आणि दूध तापव.”