एकटीलाच येणारा आवाज

वन्सं — अगं, पण बेल्ट कशाला? रेल्वे फाटकापर्यंत जाऊन तर यायचंय.

वहिनी — लावा आधी. बेल्ट लावल्याशिवाय मी गाडी हलवत नाही. मिस्त्रीलासुद्धा लावायला लावला.

वन्सं — मिस्त्रीला! तो बिचारा जन्मभर गाडीखाली झोपला, त्याला तू वर बसवून बांधलंस? हा घे, लावला. केवढा सैल आहे हा! माझ्यासारख्या दोघी मावतील.

वहिनी — तुमच्यासारख्या दोघी कशातच मावायच्या नाहीत. आता गप्प बसा. ऐकायचंय आपल्याला.

वन्सं — ऐकायचं म्हणजे काय ऐकायचं, ते तरी सांग. टकटक की खडखड की चीं-चीं?

वहिनी — ते मी सांगणार नाही. सांगितलं की तुम्हाला लगेच ऐकू येईल. ओळखते मी तुम्हाला, वन्सं. तुमचे दादा म्हणायचेच, आमच्या बेबीला न्हाणीघरात पाल दिसली, तर ती घरी येऊन सांगेपर्यंत पालीची मगर झालेली असते.

वन्सं — मगरच होती ती! नर्सेसच्या हॉस्टेलात राहिलेली नाहीस तू, तुला काय कळणार? आम्ही तिघी तिच्यावर बसून होतो, मेट्रन येईपर्यंत.

वहिनी — आणि मेट्रन आल्यावर?

वन्सं — मेट्रनला बघून मगरच पळाली. असो. ठरलंय ते पक्कं ना? मला आवाज आला तर गाडी तुझी. पुन्हा कुणी एक शब्द बोलायचा नाही.

वहिनी — आणि नाही आला, तर चार वाजता तुमच्या यजमानांनी शोधलेलं गिऱ्हाईक येईल, त्याच्या हातात मी किल्ली देईन. आणि तुम्ही म्हणाल त्या डॉक्टरकडे जाईन.

वन्सं — कानाच्या डॉक्टरकडे म्हटलं मी.

वहिनी — तुम्ही कानाच्या म्हटलंत. फोनवर मागून तुमचे यजमान डोक्याच्या म्हणाले. त्यांना म्हणावं, माझे कान शाबूत आहेत, म्हणून तर ते ऐकू आलं.

वन्सं — त्यांचं काय मनावर घेतेस! दिवसभर टीव्हीशी बोलत असतात, तेव्हा नाही त्यांना कुणी डॉक्टरकडे नेत. बघ हं, पुढे स्कूटर आहे.

वहिनी — दिसतेय.

वन्सं — तुला ही गाडी घ्यायची दुर्बुद्धी झाली तरी कशी म्हणते मी? घ्यायचीच होती तर नवीकोरी घ्यायची. कुणाची वापरलेली, कुणी कशी हाणलेली...

वहिनी — विकणारा म्हणाला, एकाच माणसाने वापरली, तीही फक्त रविवारी.

वन्सं — वापरलेल्या सगळ्या गाड्या फक्त रविवारीच चाललेल्या असतात. बाकीचे सहा दिवस रस्त्यावर कोण असतं कोण जाणे.

वहिनी — मला बरी वाटली ती. घरात बसले ना, की घर मोठं मोठं होत जातं. या गाडीत काय, हात लांब केला की दुसरं दार लागतं. म्हटलं, एका माणसाला पुरे. पहिला आठवडा कसा छान गेला. मग एकदा कामावरून येताना तो आवाज आला, आणि तेव्हापासून माझी झोप उडाली. सकाळी उठल्या उठल्या खाली जाते, गाडीखाली पेपर पसरते, तेलाचा थेंब पडतोय का बघायला.

वन्सं — पडतो?

वहिनी — नाही ना! नाही पडला की वाटतं, संपलंच असेल तेल. मग पडायचं कुठून?

वन्सं — धन्य आहे.

वहिनी — हसा. पण मी दातांच्या लॅबमध्ये काम करते, वन्सं. दिवसभर लोकांच्या कवळ्या घासते. केसाएवढा उंचवटा राहिला तरी माझ्या बोटाला कळतो. कुठे काहीतरी सैल असलं, की मला चैन पडत नाही. आणि या गाडीत काहीतरी सैल आहे. मिस्त्रीने इंजिन उघडलं, चाकं काढली, पुन्हा लावली. शेजारी बसून चक्कर मारली, तर आवाज बंद. खालचे काका आले ऐकायला, बंद. लॅबमधली ती नवी पोरगी चार दिवस माझ्याबरोबर घरी आली, चारही दिवस बंद. ती उतरली, मी जरा पुढे गेले, की सुरू.

वन्सं — आमच्या वॉर्डात एक पेशंट होता अगदी असाच. म्हणे, पोटात घंटा वाजते. डॉक्टरांनी कान लावला की बंद, डॉक्टरांची पाठ फिरली की टण् टण्. शेवटी घेतला टेबलावर.

वहिनी — घड्याळ निघालं असेल.

वन्सं — घड्याळ निघालं असतं तर मी तुला सांगितलं असतं का? शाळेची घंटा! शिपाई होता तो. हेडमास्तरांवर चिडून गिळून बसला. तिकडे घंटाच होईना, म्हणून शाळा सुटायची थांबलेली. आम्ही घंटा पाठवली तेव्हा वर्गातल्या पोरांना मिशा फुटल्या होत्या.

वहिनी — फाटक पडलं. थांबावं लागेल आता.

वन्सं — थांबू की. ... ए, वहिनी! आला! आला बघ आवाज!

वहिनी — कुठून?

वन्सं — इंजिनातून. घर्र-घर्र करून. अगदी स्पष्ट. मी सांगते ना, तुझं बरोबर होतं.

वहिनी — वन्सं.

वन्सं — काय?

वहिनी — गाडी बंद आहे.

वन्सं — कधी केलीस?

वहिनी — फाटक पडलं तेव्हाच.

वन्सं — ...तुला बरं वाटावं म्हणून म्हटलं गं.

वहिनी — मिस्त्रीही तेच करतो हल्ली. मागच्या खेपेला म्हणाला, "हो बाई, आला, आला", आणि कुठलासा नट पिळून दिला. पण तोंड तुम्ही बघायला हवं होतं त्याचं. पेशंटशी बोलताना करतात ना, तसं.

वन्सं — मग आता खरं सांगू? फाटक उघडलं बघ, चल. खरं सांगते, वहिनी. आवाज नाहीये. मी घरापासून कान टवकारून बसलेय. शेजारी माणूस बसलं की थांबतो, माणूस उठून गेलं की सुरू होतो, असला आवाज गाडीचा नसतो गं. तो घरातला असतो. तू गाडीत घेऊन फिरतेस.

वहिनी — घरातलं तुम्हाला काय माहीत?

वन्सं — म्हणजे?

वहिनी — तुमचे दादा गेल्यावर घरात पाऊल टाकलंत तुम्ही? फोन करता, तोही कुकरची शिट्टी होईपर्यंत. आज आलात, ते गिऱ्हाईक ठरवून. वहिनी कशी आहे ते बघायला नाही, वहिनीची गाडी विकायला.

वन्सं — असं वाटतं तुला? असं? थांबव गाडी.

वहिनी — वन्सं, उगाच...

वन्सं — थांबव म्हणते ना!

(गाडी कडेला थांबली. वन्सं बेल्ट सोडून उतरल्या. दार असं आपटलं, की समोरच्या पानवाल्याने डोळे मिटून घेतले. आता या तरातरा घरी निघणार असं वाटावं, तर घर पडलं लांब आणि गुडघे पडले जुने. त्या मागचं दार उघडून, टॅक्सीत बसावं तशा मागे जाऊन बसल्या.)

वहिनी — मागेही बेल्ट आहे.

वन्सं — लावतेय! लावला! चल आता. आणि माझ्याशी बोलू नकोस.

वहिनी — बरं.

वन्सं — येऊन काय करायचं होतं मी?

वहिनी — आता तुम्हीच बोलताय.

वन्सं — मी बोलीन. तू बोलू नकोस. लहानपणापासून मी काही सांगायला लागले, की दादा पेपर बाजूला ठेवायचा. मध्ये बोलायचा नाही, पूर्ण होऊ द्यायचा. आणि मग म्हणायचा, "बेबी, यातली पाल केवढी होती?" तसं आता कोण विचारतं? घरी मी एवढी मोठी गोष्ट सांगते, आणि हे म्हणतात, "हो का?" अगं, थाप मारायलासुद्धा समोर थाप ओळखणारा लागतो. तुझ्याकडे आले असते तर आपण दोघींनी काय केलं असतं? तू रडली असतीस, मी शाळेच्या घंटेचं सांगितलं असतं. म्हणून नाही आले. वाईट वाग... थांब.

वहिनी — काय झालं?

वन्सं — गप्प बस.

वहिनी — मी गप्पच आहे.

वन्सं — वाजतंय, वहिनी.

वहिनी — पुरे झालं आता.

वन्सं — अगं, शप्पथ वाजतंय!

वहिनी — मघाशीही वाजत होतं. बंद गाडीत. तुम्ही मनाच्या चांगल्या आहात, पण मला आता ते नको. चार वाजता किल्ली देते, विषय संपला.

वन्सं — ऐक तरी! टक्. मग थोडं थांबून टक्. कवळी सैल झालेला म्हातारा बिस्कीट खात असावा, तसं. आणि आत्ता तू वळलीस ना, तेव्हा टक्-टक्-टक्, भराभर तीनदा!

वहिनी — पुन्हा म्हणा.

वन्सं — टक्-टक्-टक्. वळणावर.

वहिनी — वळणावरचं मी कुणालाच सांगितलं नव्हतं. मिस्त्रीलासुद्धा नाही.

वन्सं — रडतेस काय? पुढे बघ! ट्रक आहे पुढे!

वहिनी — बघतेय. मला वाटलं, तुमच्या यजमानांचंच खरं. रोज रात्री अंथरुणावर पडल्यावर वाटायचं. आत्ताही आला होता, मला आला होता. पण म्हटलं, आता माणूस गाडीत असतानाही यायला लागला, म्हणजे आपलं संपलंच.

वन्सं — संपलं काय, अजून शोधायचाय तो! गाडी हळू घे. मागून सगळं दिसतंय मला. तू पुढे बघतेस, तुला नाही दिसायचं. हां... हलतंय काहीतरी. अगं, हा बेल्ट! मी सोडला तो. वर गेलाच नाही, तसाच लोंबतोय, आणि त्याचं बक्कल दाराजवळच्या प्लॅस्टिकवर आपटतंय. थांब, हातात धरते. येतो आवाज?

वहिनी — नाही.

वन्सं — सोडला.

वहिनी — आला.

वन्सं — धरला.

वहिनी — गेला. अगं बाई! वन्सं, मी मिस्त्रीला बेल्ट लावला. काकांना लावला. त्या पोरीला लावला.

वन्सं — मलाही लावलास! चोराला आधी बांधायचं, आणि मग म्हणायचं, आज चोरी कशी होत नाही! मिस्त्रीने चाकं काढली गं बिचाऱ्याने!

वहिनी — हसू नका, मला गाडी चालवता येईना.

वन्सं — तूच हसतेयस. महिन्याभराने हसतेयस बहुतेक. थांब, फोन लावते घरी. ...हॅलो. अहो, त्या गिऱ्हाईकाला सांगा, येऊ नका. गाडी विकायची नाही. ...हो, आवाज आहे. ...नाही, आवाज नाही म्हणून विकायची होती, आवाज आहे म्हणून विकायची नाही. ...तुम्हाला नाही कळणार, तुम्ही टीव्ही बघा. ठेवते. झालं, वहिनी. आता एक करायचं. एकटी निघालीस, की शेजारच्या सीटचा बेल्ट लावून टाकायचा. सीट रिकामी असली तरी.

वहिनी — रिकाम्या सीटला.

वन्सं — हो. म्हणजे मग लोंबणार नाही.

वहिनी — लावीन.

वन्सं — अशी काय गप्प झालीस? सापडला ना चोर?

वहिनी — सापडला. बरंच झालं. पण काय झालं, वन्सं, या महिन्यात शेजारी कोणी ना कोणी बसत होतं. मिस्त्री, काका, ती पोरगी. ती तर स्वतःच्या आईबद्दल काय काय सांगायची, मला आवाज ऐकायचाय हे विसरून. आज तुम्ही. आता सापडलाय म्हटल्यावर काय सांगून बोलावू कुणाला? सहज म्हटलं. तुमचा बसस्टॉप आला बघा. इथे सोडू, की तुमच्या घरापर्यंत येऊ?

वन्सं — वहिनी.

वहिनी — काय?

वन्सं — मागच्या चाकात काहीतरी कुरकुरतंय.

वहिनी — मला नाही ऐकू येत.

वन्सं — पुढे बसून नाही यायचं. मागे बसावं लागतं. गुरुवारी येते मी, नीट ऐकायला हवं.

वहिनी — यातली पाल केवढी आहे, वन्सं?

वन्सं — अगदी एवढीशी.

वहिनी — आणि ते कुरकुरणं थांबलं, म्हणजे?

वन्सं — जुनी गाडी आहे गं. काही ना काही वाजतच राहणार.