तळाचं भोक

ट्रॅक्टरच्या सुट्या भागांच्या दुकानात डेल्फिन रांगेत उभी होती. पुढे दोन म्हातारे बोलत होते.

“माझ्या ट्रॅक्टरचा क्लच घसरतोय रे, वॉल्डो.”

“तेल गळतंय?”

“गळत होतं, क्लचच्या डब्याच्या तळाला भोक आहे त्यातून. बूच ठोकलं, थांबलं.”

“शहाणाच आहेस! ते भोक तेल बाहेर पडायलाच असतं. आता आत साचून क्लच भिजला.”

“चढावरच घसरतो पण.”

“उतारावर इंजिन ट्रॅक्टरला रोखून धरणार नाही, तेव्हा कळेल.”

“ब्रेक आहेत की!”

“चाळीस वर्षांचे?”

डेल्फिनने नवऱ्याला फोन लावला. नुसताच वाजत राहिला.

“काका, आमच्या ट्रॅक्टरचं ते भोक माझ्या मिस्टरांनी महिन्यापूर्वीच बुजवलंय. आत्ता तळ्याच्या उतारावर गवत कापताहेत.”

“फोन ठेव, पोरी,” वॉल्डो म्हणाला. “ माझी गाडी दारातच आहे.”