पत्र्यावरची थाप

आमच्या बाबांना तोंडाने माया करताच यायची नाही गो. लग्नानंतर पहिलं माहेरपण उरकून मी रोह्याला निघाले, तेव्हा पेणच्या स्टँडवर ते एसटीच्या खिडकीखाली नुसते उभे. मी रडतेय. त्यांचा हात खिडकीपर्यंत पोचेना, म्हणून त्यांनी खालचा पत्राच दोनदा थोपटला. ड्रायव्हरला वाटलं, कंडक्टरचाच इशारा. गाडी सुटली!

कंडक्टर चहा टाकून बोंबलत धावला. गाडी थांबली, तसा तो बाबांवर उखडला, "गाडी तुम्ही सोडता काय?"

"गाडी नाय रे बाबा," बाबा ओशाळले, "पोरीला थोपटीत व्हतो."

पुढे बाबा मला सोडायला आले आणि तो कंडक्टर असला, की बेल द्यायचाच नाही. दारातून हाक मारायचा, "काका, मी चढलो. थोपटा आता!"