मानेवरचा मळ

आई : ...म्हणून म्हणते डॉक्टर, त्या मनाच्या गोळ्या आता नकोतच. त्यांनीच ही अशी फुगली. आठ दिवस झाले, मी काढूनच ठेवल्यात. बघा, कशी शहाण्यासारखी बसलीय! कामावरसुद्धा जायला लागलीय.

डॉक्टर : कुठं काम करतेस?

मुलगी : चष्म्याच्या दुकानात. काचा घासून फ्रेममध्ये बसवते.

आई : मध्ये दोन महिने अंथरूण सोडत नव्हती. हाक मारली की ढिम्म. लोळायचं, गोड चरायचं, परत लोळायचं. आमच्या घराण्यात एवढं आळशी माणूस झालं नाही.

डॉक्टर : जरा मान वळव. हे काळं कधीपासून?

आई : मळ आहे हो तो! हिची अंघोळ म्हणजे दोन मग पाणी. दर रविवारी मी धरून घासते, पायाच्या वजरीनं. पण निघेल तर शपथ.

डॉक्टर : निघणार नाही. तो मळ नाही.

आई : मग?

डॉक्टर : रक्तातली साखर पेशींत जायला इन्शुलिन लागतं. हिच्या पेशी त्याला दाद देत नाहीत, म्हणून शरीर ते आणखी आणखी सोडतं. त्या जास्तीच्या इन्शुलिननं मानेची कातडी अशी जाड, काळी होते.

आई : पण रिपोर्टात साखर तर नॉर्मल आलीय!

डॉक्टर : साखर अजून सांभाळली जातेय. इन्शुलिन मात्र वाढलंय. आणि अंगात सूजही आहे.

आई : सूज? पाय दाखव गं. कुठंय? हिला तर चप्पल सैल होते.

डॉक्टर : वरून दिसणारी नाही, रक्तात कळते. बारीक, पण सतत. तिचा मनावरही परिणाम होत असावा.

मुलगी : म्हणजे त्यामुळेच मी तशी झाले होते?

डॉक्टर : छातीठोकपणे नाही सांगता येत. उदासी, सूज, इन्शुलिन, तिघांचं एकमेकांकडे जाणंयेणं असतं. तुझ्याकडे आधी कोण आलं, मला माहीत नाही.

आई : आणि आळस?

डॉक्टर : तो मला कुठं सापडला नाही.

(आई चष्मा काढून पदरानं पुसत राहते.)

मुलगी : आई, पाणी देऊ?

आई : नको. गोळ्यांनी वजन वाढतं की नाही, तेवढं सांगा.

डॉक्टर : हिच्या गोळीनं वाढू शकतं. ते आपण बघू. चालणं, जेवण, लागलंच तर गोळी बदलू. पण आपल्या मनानं बंद करायची नाही. परत अंथरूण धरलं तर?

आई : पिठाच्या डब्यामागे ठेवल्यात. घरी गेल्या गेल्या काढून देते.

मुलगी : नको काढूस.

आई : आता रुसू नकोस गं.

मुलगी : रुसले नाही. हात पोचतो माझा तिथं. रोज तिथूनच घेते.