जुई सावकाश जेवते

वर्तकनगरला रिक्षाच्या रांगेत माझ्या पुढे बालवाडीच्या एक बाई उभ्या होत्या. एक तरुण बाप धावतच त्यांच्याजवळ आला.

"बाई, मी धनेश, जुईचा पप्पा. आजपण तिचा डबा अर्धा परत आलेला."

"हो, ओळखलं. तिची निम्मी पोळी होते तोवर सुट्टी संपते. उद्यापासून मी तिच्या शेजारी बसेन. तुम्ही पोळीचे छोटे रोल करून द्या. घरी भरवता का तिला?"

"नाही, हातानेच जेवते. पण तास लागतो."

"एवढा वेळ?"

"तिची मम्मी, रुपाली, मस्कतला नर्स आहे ना. रात्री जेवताना व्हिडिओ कॉल असतो. जुई एक घास खाते नि एक गोष्ट सांगते. कोण पडलं, कोण रडलं, सगळं."

"म्हणून शाळेत घास हातात धरून बसते होय! मग मला सांगू दे, मी ऐकेन. पण घरीही जरा पटपट जेवायची सवय लावा."

"ते नाही जमणार, बाई."

"का हो?"

"जेवण झालं की फोन ठेवायचा, असं ठरलंय आमचं. नाहीतर पोरगी झोपतच नाही."

"बरोबर आहे की मग."

"हो. पण जुईचा शेवटचा घास आला ना, की रुपालीच तिकडून म्हणते, अजून थोडा भात घे ना गं, बाळा."