टोपीवाला इसम

नाही, मला एक सांगा, आलेला मेसेज पुढे पाठवायला लागतं काय? एक बोट! अंगठासुद्धा चालतो. सगळं जग सकाळी उठून तेच करतं, दात नंतर घासतं... पण आमच्या घरात? आमच्या घरात बायको आहे. आणि ती म्हणते, "आधी विचारून बघू."

कुणाला विचारायचं? तर ज्याच्याबद्दल मेसेज असेल त्यालाच! अहो, असं कुणी करतं का? मध्ये एक मेसेज आला, मुलगी हरवली आहे, दोन वेण्यांचा फोटो, खाली आईचा नंबर, काळीज असेल तर पुढे पाठवा. माझं काळीज तयार, अंगठा तयार... हिने नंबर फिरवला. पलीकडून ती आई म्हणाली, "सापडली हो ती, त्याच संध्याकाळी. मावशीकडे जाऊन बसली होती. पण बरा फोन केलात, पुढच्या महिन्यात तिचं लग्न आहे, यायचं हं." म्हणजे बघा! मुलगी लग्नाची झाली आणि लोक तिला अजून हरवतायत. आम्ही लग्नाला गेलो, तुम्हाला सांगतो, आहेर घेऊन. नवरीने हिचे हात धरले ते सोडेचना. म्हणाली, "एवढ्या वर्षांत विचारणाऱ्या तुम्हीच पहिल्या." मी आहेराच्या पाकिटात गुपचूप आणखी शंभर रुपये घातले, आणि तोवर जेवायला सुरुवातही झाली नव्हती.

मग ते कलिंगड. कलिंगडात सुईने रंग भरतात म्हणून व्हिडिओ आला. ही थेट कोपऱ्यावरच्या फळवाल्याकडे. "दादा, तुम्ही रंग भरता का हो?" तो असा पेटला, एकामागून एक कापतच सुटला, "हे बघा ताई, आता हे बघा, हेही बघा!" कापलेली कलिंगडं घेणार कोण? आम्ही. घरात पाणी प्यायची गरज उरली नव्हती.

बरं, मूळ गोष्टीवर येतो. टाळून काही उपयोग नाही.

त्या रविवारी सकाळी इमारतीच्या ग्रुपवर एक फोटो पडला. आदल्या संध्याकाळचा, गच्चीवरून काढलेला, अंधुक. टोपी घातलेला एक इसम, पाठमोरा, वाकून गाडीच्या काचेतून आत बघतोय. खाली मजकूर, सावधान, हा प्रत्येक गाडीत डोकावत होता. त्यावर आमचे सेक्रेटरी, "दिसला की आधी चोप, चौकशी नंतर." म्हटलं आपणही नागरिक आहोत, आपलंही काही कर्तव्य आहे. मी लिहिलं, "चेहऱ्यावरूनच बदमाश दिसतो." पाठमोरा फोटो हो! पण आवेश म्हणून काही असतो की नाही? ऑफिस, शाळासोबती, सासुरवाडी, सगळ्या ग्रुपांवर खूण केली, आता फक्त दाबायचं... तर साबणाचा हात आला आणि फोन घेऊन गेला.

हिने फोटो मोठा करून पाहिला. म्हणाली, "काय शोधत असेल बिचारा?"

बिचारा! चोराला बिचारा! "आधी विचारून बघू" म्हणे. मी म्हटलं, विचार की, धंदा कसा चाललाय म्हणून. पण खाली आवाज वाढला होता. सेक्रेटरी काठी घेऊन, तिसऱ्या मजल्यावरचा तो व्यायामवाला बाह्या सरसावून... सगळे त्या इसमाची वाट बघत. ही हात पुसत तशीच खाली उतरली, त्यांना समजवायला.

आता बायको एकटी खाली गेल्यावर नवऱ्याने वर बसायचं? मीही निघालो. शनिवारपासून घालत होतो ती टोपी, कानाला वारा लागतो असं घरात सांगितलं होतं, ती ओढली आणि मागच्या जिन्याने उतरलो. पुढे जाण्याआधी टोपी नीट बसलीय का, एवढंच बघावं म्हणून समोरच्या गाडीच्या काचेत जरासा वाकलो...

"तो बघा! तोच!"

मीही म्हटलं, कुठंय? अहो, माणसाने जन्मात स्वतःची पाठ पाहिलेली असते का? मला कसं कळणार? मागून पावलं धावत आली, काठी आपटली, आणि तेवढ्यात माझ्या पाठीला पाठ लावून कुणीतरी उभं राहिलं. "हात लावायचा नाही कुणी. आधी विचारून बघू."

मी वळलो. ती वळली.

तुम्हाला वाटेल, आता म्हणेल, अहो हे आमचेच. छे! तत्त्व म्हणजे तत्त्व. सगळ्यांसमोर मला विचारते, "काल गाड्यांमध्ये काय बघत होता?"

काय करतो? टोपी काढली. केस काळे करून घेतले होते हो, पहिल्यांदाच. न्हावी म्हणाला होता, अगदी नैसर्गिक दिसेल. उन्हात वांगं दिसलं. म्हटलं, "घरच्या आरशात बघताना तू बघशील, म्हणून काचांमध्ये बघत होतो." सेक्रेटरींनी काठी पाठीमागे लपवली. कुणी हसलंसुद्धा नाही, इतकं वाईट दिसत होतं.

वर आल्यावर विचारलं, "मला ओळखलं होतंस ना?" म्हणाली, "नाही. कुणीतरी एकटा होता आणि तुम्ही एवढे सगळे." तुम्ही! मीही त्यात धरलेला. आणि खोटं काय होतं त्यात? त्या काठीखाली ती कुणासाठीही उभी राहिली असती. मला अभिमान वाटला तिचा, खरंच सांगतो, डोळे भरून आले.

ते पुसतोय तर म्हणाली, "तो फोटो बाहेर कुठे कुठे गेला असेल. उद्या कुणा दुसऱ्या टोपीवाल्याला मारतील. खरं काय ते पाठवायला हवं, तुमच्या आजच्या फोटोसकट. पण आधी तुम्हाला विचारते. पाठवू?"

आता नाही म्हणायला तोंड होतं का मला? म्हटलं, पाठव. ऑफिस, शाळासोबती, सासुरवाडी... खुणा मीच करून ठेवल्या होत्या.

पहिला फोन सासूबाईंचा. "जावईबापू, तुमचे जांभळे केस आलेत इकडे. खरे आहेत का? म्हटलं, पुढे पाठवण्याआधी विचारून बघावं."

म्हटलं, खरे आहेत. पाठवा.